मृगात गाडी बाहेर काढता का?

जोरदार इंजिनाच्या गाडीला कोणते टायर घालावेत, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: मृगात गाडी बाहेर काढता का? समोरचा जरा गोंधळतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं, किंवा परदेशातल्या एखाद्या चाचणीत पहिला आलेला टायर. पण गाडी वर्षातले आठ महिने शेडमध्ये उभी राहून सुट्टीला फक्त समृद्धीवर पळणार असेल तर टायर वेगळा. तीच गाडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवेलागणीला, वळवाची सर येऊन गेल्यावर केजहून अंबाजोगाईला न्यायची असेल तर वेगळा. हा फरक दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि मराठवाड्यात राहून मोठं इंजिन बाळगणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा असं मला फार वाटतं.

आपल्याकडे अशा गाड्या नाहीत, हा बाहेरच्यांचा समज. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या आणि देशभर बातमी झाली. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आला, ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब तिथे जोडल्या गेल्या. वाळूजला गुडइयरचे टायर बनतात. म्हणजे गाडी इथली, टायर इथला, फक्त दोन्हींची सांगड घालायचं ज्ञान मात्र आपण बाहेरून मागवतो. माझी गाडी शेंद्र्यातच जोडलेली, ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय. कंपनीने दिलेली ताकद १८० पीएस, टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर २५० न्यूटन-मीटर, आणि सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर.

लातूरला माझा मावसभाऊ असतो, त्याच्याकडेही हीच गाडी. त्याने ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, रिमॅपिंग करून घेतलं आणि टॉर्क ३२० च्या घरात नेला. त्यानंतर त्याचा फोन आला. "दादा, दुसऱ्या गियरला बी चाकं जागेवरच फिरायलीत. चांगलं चिकटून बसणारं टायर सांग की."

त्याची तक्रार खरी होती, हिशेबात बसणारी होती. मूळ गाडीचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गियरमधून आणि फायनल ड्राइव्हमधून, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या दातेरी जोडीतून, जाताना साधारण चौदापट होतो, म्हणजे आसाशी साडेतीन हजार. चाकाची त्रिज्या साडेएकतीस सेंटिमीटर. भागाकार केला की पुढची दोन चाकं मिळून रस्त्याला सुमारे अकराशे किलोच्या जोराने मागे ढकलू शकतात. गाडी माणसांसकट पंधराशे किलोची धरली आणि त्यातलं साठ टक्के वजन पुढे धरलं, तर पुढच्या चाकांवर नऊशे किलो येतं. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ च्या आसपास असतो, म्हणजे पकड मिळते आठशे दहा किलोची. रस्ता ओला झाला की हाच आकडा ०.५५ वर येतो आणि पकड पाचशे किलोच्या आत. त्यातही जोरात वेग घेताना गाडीचं वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं आणखी हलकी होतात. भावाच्या गाडीत दुसऱ्या गियरला नऊपटच धरली तरी जोर नऊशे किलोच्या वर जातो. कोरड्या रस्त्यावरही चाक फिरणारच. ट्रॅक्शन कंट्रोल तिथे फक्त इंजिनाचा जोर कापतं किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं. रस्त्याची पकड वाढवणं त्याच्या हातात नाही. पैसे देऊन वाढवलेला टॉर्क कॉम्प्युटर परत काढून घेतो, एवढंच.

हा सगळा व्यवहार होतो केवढ्याशा जागेत? एका पुढच्या टायरवर साडेचारशे किलो, आत हवा ३३ पीएसआय. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की रबर जिथे प्रत्यक्ष रस्त्याला टेकतं तो पट्टा निघतो, दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आत. बोटांसकट मोठ्या माणसाच्या पंजाएवढा. गाडी सुटणं, वळणं, थांबणं सगळं एवढ्यातच. आणि या पंजाची एकूण पकड ठरलेली असते. वळणावर त्यातली बरीचशी वळण्यात खर्च झाली की ब्रेकसाठी किंवा वेगासाठी उरते ती शिल्लक. म्हणून वळणात असतानाच ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या चाकांची गाडी सरळ बाहेर जायला बघते.

भावाला टायर हवे होते गाडी सुटायला. मी त्याला थांबण्याचा हिशेब करून दाखवला. ताशी १०० च्या वेगाने चालली असताना, घर्षणांक ०.९ असेल तर ब्रेक लागल्यापासून गाडी ४४ मीटरमध्ये उभी राहते. ०.५५ असेल तर ७० मीटरच्या वर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत तोडलेलं अंतर यात धरलेलंच नाही. सिग्नलवरून सुटताना चाक फिरलं तर नुकसान रबराचं. पण रात्री उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली दुहेरी ट्रॉली अचानक समोर आली, तर मधले ते सत्तावीस-अठ्ठावीस मीटर टायरनेच द्यायचे असतात.

म्हणून टायरच्या आधी रस्ता बघायचा. आणि आपला रस्ता वर्षभर एकसारखा नसतो. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ ला जातो, रस्त्याचा पृष्ठभाग तर त्याहून कितीतरी तापतो. डांबर पाघळतं आणि चाकोरीच्या जागी वर येऊन काळे, चकाकणारे पट्टे तयार होतात. त्या पट्ट्यांत खडीचं टोक राहत नाही, रबराला धरायला काही नसतं. कोरडं असताना कळत नाही. मग मृगाची पहिली सर येते. वर्षभराची धूळ, ट्रकमधून सांडलेलं ऑइल, टायरचा भुगा, हे सगळं थोड्याशा पाण्यात कालवलं जातं. धो-धो पाऊस झाला की ते वाहून जातं आणि रस्ता उलट बरा होतो. धोक्याची असते ती पहिली पंधरा-वीस मिनिटं, जेव्हा रस्ता नुसता ओलसर दिसतो आणि लोक वेग कमी करत नाहीत.

त्यानंतर काळी माती. पेरणी, कोळपणी, फवारणी, ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो तो चाकाच्या खाचांतला चिखल पन्नास-शंभर मीटर सांडत. आपल्या काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं. पाणी पिऊन ती लोण्यासारखी गुळगुळीत होते आणि टायरच्या बारीक खाचांत ठासून बसते. त्या क्षणी टायर नक्षीचा असो की गोटा, रस्त्याला टेकतो तो मातीचा थर. ज्या टायरच्या खाचा रुंद आणि सलग आहेत तो दोन-चार फेऱ्यांत माती झटकून टाकतो. बारीक, बंदिस्त खाचांचा टायर ती धरून ठेवतो. दुकानात उभं राहून टायर बघताना हे कुणी बघत नाही. मी बघतो.

दसऱ्याच्या आसपास लातूर, धाराशिव भागात सोयाबीन निघतं. अर्धा रस्ता अडवून दाणे वाळत घातलेले असतात. कोरडा, गोल, टणक दाणा टायरखाली आला की रबर आणि डांबर यांच्यामध्ये गोळ्या फिरायला लागतात. शेतकऱ्याला दोष द्यायचं माझ्या मनात येत नाही, पिकाला ऊन दाखवायला सगळ्यांकडे खळं कुठे आहे? पण जगातला कोणताही महाग टायर इथे मदत करत नाही, हे ध्यानात ठेवावं. त्याच्या मागोमाग गाळप हंगाम: पाचट, फडातला चिखल, कारखान्याच्या वाटेवर सांडलेला रस. हा आपला रस्ता. बाकी खड्डे आणि न रंगवलेले गतिरोधक, ते सगळ्यांनाच माहीत आहेत.

आणि आता समृद्धी आली. ७०१ किलोमीटर सलग काँक्रीट, कारला १२० ची मर्यादा. नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून जालना आणि संभाजीनगरच्या गाड्यांना असा रस्ता मिळाला जिथे टायर तासन् तास तापत राहतो. काँक्रीट टायर घासतं जास्त, आवाज करतं जास्त. ओलं झाल्यावर ते डांबरापेक्षा कसं वागतं, याचा एक धागा टायरवरच छापलेला असतो.

अनेक टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत तीन शब्द असतात: ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर. ही अमेरिकेची पद्धत. तिथल्या टेक्सास राज्यात सॅन अँजेलो नावाचं गाव आहे, त्याच्याभोवती ४०० मैलांच्या ठरलेल्या रस्त्यावर टायर पळवून झीज मोजतात. मूळ मापाचा टायर १०० धरायचा, त्याच्या दुप्पट टिकेल तो २००, तिप्पट टिकेल तो ३००. आकडा कंपनीच जाहीर करते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे काटेकोर ताडून बघू नयेत, पण एकाच कंपनीचे दोन टायर बघताना ते खूप सांगून जातात. आकडा लहान, रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी, एवढं ढोबळपणे खरं. ट्रॅक्शनची अक्षरं मात्र फक्त ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकची असतात, वळणाची नाहीत. सगळ्यात वरची श्रेणी डबल ए. ती मिळवायला ओल्या डांबराच्या पट्टीवर, चाक पूर्ण लॉक करून, घर्षणांक ०.५४ च्या वर यावा लागतो. आणि ओल्या काँक्रीटवर? ०.३८ च्या वर. तोच टायर, तीच परीक्षा, पण काँक्रीटची पायरीच खाली ठेवलेली. एबीएसमुळे आपल्या गाडीचं चाक असं लॉक होत नाही आणि समृद्धीच्या काँक्रीटला आडव्या रेघाही दिलेल्या आहेत, तरी पावसात त्या रस्त्यावर १२० ला बसलेल्या माणसाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

टेंपरेचरचं अक्षर आपल्याकडे दुर्लक्षित राहतं आणि आपल्यालाच ते सर्वांत लागू. ए म्हणजे ताशी १८५ च्या पुढच्या वेगातली उष्णता सोसणारा. बी किंवा सीचा टायर मे महिन्यात दुपारी दोनला जालन्याहून नागपूरकडे न्यायला मला आवडणार नाही. गाडी जोरदार असेल तर तिथे ए सोडून दुसरं काही घेऊच नये.

भावाने तोपर्यंत स्वतः शोध लावला होता. त्याला ड्रॅग रेडियल हवे होते. हे टायर पाव मैलाच्या शर्यतीसाठी जन्मलेले, रबर अतिशय मऊ, खाचा नावापुरत्या, रस्त्यावर कायद्याने चालावेत एवढ्यासाठीच दिलेल्या. तापलेल्या, कोरड्या, चिकट पट्टीवर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कुणाची नाही, हे मान्य. पण पाणी काढायला त्यांच्यात जागाच नसते. २०५ मिलिमीटर रुंद टायर ताशी ८० च्या वेगाने दोन मिलिमीटर पाण्यातून जाताना त्याच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे नऊ लिटर पाणी येतं. ते खाचांतून बाहेर गेलं नाही तर टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. विमानांच्या टायरवरून नासाच्या संशोधकांनी बसवलेलं एक सूत्र आहे, त्याप्रमाणे ३३ पीएसआय हवा असलेला खाचा झिजलेला टायर ताशी ९५ च्या आसपास तरंगायला लागतो. हवा कमी असेल तर त्याहून आधी. निलंग्याहून लातूरला पावसात येणाऱ्या गाडीला ड्रॅग रेडियल घालू नयेत, एवढ्यावर मी ठाम राहिलो.

त्याच्या एक पायरी खाली २०० ट्रेडवेअरचे टायर. हे ट्रॅकवर मजेचे, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २ हा तर १८० चा, गाडी घेऊन रेसट्रॅकवर जाणाऱ्यांसाठीच काढलेला. पण असं रबर नीट चिकटायला आधी तापावं लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ते आपोआप तापेल, मान्य. डिसेंबरच्या पहाटे परभणीत पारा सहा-सातवर उतरतो तेव्हा पहिल्या काही किलोमीटरांत तेच रबर कडक असतं. आणि आपल्या डांबरावर खडी दाबलेल्या खडबडीत रस्त्यांवर ते एका मोसमात झिजून अर्धं होतं. खाचा अर्ध्या झाल्या की पावसातली पकडही जाते. म्हणजे पुढच्या मृगाला तो टायर घेतल्या दिवशीचा राहिलेलाच नसतो.

माझं मत ३०० ते ३४० च्या घरातल्या उन्हाळी कामगिरीच्या टायरला. पायलट स्पोर्ट ४ एस ३०० चा, कॉन्टिनेन्टलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी ६ त्याच गटातला, व्रेडेस्टाइनचे टायर आता अपोलो भारतातच बनवते. या गटाच्या रबरात सिलिका भरपूर असते. पूर्वी टायर काळ्या कार्बनवर चालायचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिका मोठ्या प्रमाणावर आली आणि ओली पकड वाढवताना डिझेल-पेट्रोल जास्त जाळावं लागेना. थंड, ओल्या खडीवर असं रबर लवचिक राहतं, प्रत्येक कणाभोवती वाकतं, परत येतं, आणि त्या वाकण्यातच पकड तयार होते. सगळ्या ऋतूंचा टायर म्हणून जो मिळतो तो बर्फाच्या देशांचा विचार करून केलेला असतो. मराठवाड्यात त्याचं काही काम नाही. भारत सरकारने २०२२ साली टायरच्या ओल्या पकडीची किमान पातळी नियमात आणली, ते फार चांगलं झालं. पण किमान ती किमानच. ३२० न्यूटन-मीटरच्या गाडीला किमान पुरत नाही.

आता रुंदी. भावाचा दुसरा हट्ट १८ इंची रिमचा. मूळ माप २०५/५५ आर १६, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. त्यावरून २२५/४५ आर १७ ला गेलं तर चाकाचा पूर्ण व्यास जेमतेम अडीच मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटरला कळतही नाही. २२५/४० आर १८ ला पाच मिलिमीटरने. तेही चालतं. मुद्दा कडेच्या उंचीचा आहे. १६ इंचीला कड ११३ मिलिमीटरची, १७ ला १०१, १८ ला ९०. मांजरसुंब्याकडून येताना खड्ड्याची धारदार कड टायरच्या आणि रिमच्या मधोमध बसते, तेव्हा हे अकरा मिलिमीटर म्हणजे घरी पोचणं. कमी उंचीच्या कडेत दोऱ्या तुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, कुणी करून देतो म्हटलं तरी करू नये.

रुंद टायर घेतला की जास्त रबर टेकतं, हाही समज दुकानोदुकानी ऐकू येतो. वजन तेच, हवा तीच, तर टेकणारी जागाही जवळजवळ तीच. बदलतो तिचा आकार. लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो. त्याने कोरड्या वळणावर गाडी नेमकी वळते, रबर तापणं बरं वाटून घेतं. पण तोच रुंद पट्टा पाण्यात लवकर तरंगतो. म्हणून २२५ वर मी थांबलो, २३५ ला गेलो नाही. भार-निर्देशांक ९४ घेतला, म्हणजे एका टायरला ६७० किलो. ९१ चा, ६१५ किलोचा, हिशेबात पुरला असता. पण ९४ ची कड जास्त बळकट असते आणि आपल्या रस्त्याला ती लागते. वेगाचं अक्षर डब्ल्यू, २७० पर्यंतचं. तेवढ्या वेगाने कुणी जाणार नाही, जाऊही नये. पण त्या वेगाची उष्णता सोसायला बांधलेला टायर मे महिन्यात १२० ला निवांत राहतो.

बीड बायपासला मी ज्या दुकानात जातो तिथले चाचा टायर विकण्याआधी जुना टायर बघतात. गाडी जॅकवर चढवली की ते चाक हाताने हळू फिरवतात आणि तळवा खाचांवरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सरकवतात. "हात लावून बघा साहेब. इकडून मऊ लागतंय, तिकडून टोचतंय ना?" खरंच, आतून बाहेर हात नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर प्रत्येक ठोकळ्याची धार बोटाला लागत होती. चाकं सरळ न चालता किंचित तिरकी घासत होती, टो म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला रोख बिघडलेला. डोळ्यांना टायर चांगला दिसत होता. अशा अलाइनमेंटवर नवा टायर चढवला असता तर तोही काही महिन्यांत असाच झाला असता आणि दोष कंपनीच्या माथी गेला असता. त्यांनी आधी अलाइनमेंट केली, मग टायर चढवले. कडेवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हच्या शेजारी आणला, कारण टायर त्या जागी सर्वांत हलका असतो आणि व्हॉल्व्हच्या बाजूला चाक जड. साबणाचं पाणी लावून हवा भरली आणि कड रिममध्ये बसल्याचे दोन आवाज ऐकल्यावरच नळी काढली.

तारीख तेच दाखवतात. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून मोठ्या मापाचे परदेशी टायर कमी येतात आणि कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला माल नवा म्हणून समोर येऊ शकतो. आपल्याकडच्या पत्र्याच्या गोदामात तीन उन्हाळे काढलेलं रबर खाचा भरलेल्या असल्या तरी कडक झालेलं असतं. मी वर्षाच्या आतलाच घेतो, माप मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी.

हवेबद्दल थोडक्यात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी, गाडी हलायच्या आधी. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. समृद्धीवर दुपारी ३८ दिसले म्हणून हवा सोडायची नाही. सोडली तर कड जास्त वाकते, जास्त तापते, आणि टायर फुटतो तो त्यामुळे. नायट्रोजन भरला तरी हेच. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. नायट्रोजन कोरडा असतो, सावकाश निसटतो, तेवढा त्याचा फायदा घ्यावा. खाचांची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. एवढ्या जोराच्या गाडीला मी तीनला बदलतो आणि मेअखेरीस मोजतो.

भावाला हे सगळं पटलं, फक्त एका जागी तो अडला. टायरची किंमत बघून तो म्हणाला, "दादा, जोर पुढच्या चाकाला है, फिरायलीत बी तीच. दोनच घेतो, पुढं घालतो. मागली अजून लै आहेत की." मागचे खाचांनी अर्धे झाले होते, वर रबर साध्या टूरिंग टायरचं.

यावर आमचं बराच वेळ झालं. पुढे नवे चिकट आणि मागे झिजलेले कडक, अशी गाडी ओल्या घाटात उतरताना काय करते ते मी त्याला कागदावर काढून दाखवलं. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो. पुढचे टायर रस्ता धरून वळतात, मागच्यांना तेवढी पकड नसते, आणि गाडीचं बूड बाहेर पडायला लागतं. पुढची चाकं घसरली तर माणूस आपसूक पाय उचलतो आणि गाडी सावरते. मागची घसरली तर पाय उचलल्याने ती आणखी फिरते. म्हणून दोनच नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे घालतात, पुढच्या चाकांची गाडी असली तरीही. मग तू ज्यासाठी टायर घेतोयस तो पुढचा जोर राहतो तिथेच. चारही एका जातीचे, एका वयाचे घे, नाहीतर थांब.

एवढ्या पैशांची सोय त्याच्याकडे सोयाबीन विकल्यावरच होणार होती. तोवर ईसीयूची मूळ फाईल परत टाकून घे, असं मी म्हटलं. रिमॅपिंगवाल्याने ती जपून ठेवली होती, त्याच दिवशी दुपारी चढवून दिली. भावाची गाडी आता २५० वर चालते आहे. टायरचं माप त्याने मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय: २२५/४५ आर १७, ९४ डब्ल्यू, चार नग.